सही करण्याआधी करार वाचा: ई-साधनं, कॉपीराइट आणि महाविद्यालयाचं ग्रंथालय

हिंगणा रोडवरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालांचा प्रश्न असा: "विक्रेत्याने ई-जर्नल आणि ई-पुस्तकांच्या पॅकेजचा १४ पानांचा करार पाठवला आहे. प्राचार्य म्हणतात, सही करून टाका, मार्चच्या आत पैसे खर्ची पडले पाहिजेत. प्राध्यापक पुस्तकांतले धडे आणि जर्नलमधले लेख विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि म्हणतात, शैक्षणिक वापराला कॉपीराइट लागत नाही. माजी विद्यार्थी लॉगिन मागतात. शिवाय आमची जुनी मराठी पुस्तकं जीर्ण होत चालली आहेत, ती स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवायची इच्छा आहे. यातलं कायदेशीर काय?"

छापील पुस्तकांच्या काळात "कायदेशीर काय" एवढा प्रश्न पुरायचा. ई-साधनांच्या बाबतीत त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन बसतो: आपण सही कशावर केली? मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. त्यातली शेवटची बरीच वर्षं असे करार वाचण्यात आणि त्यावरून भांडण्यात गेली. माझं उत्तर त्या अनुभवातून आलेलं आहे. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं तर मात्र वकिलाकडेच जायचं.

सीताबर्डीवरून पुस्तक आणलं, दाखल नोंदवहीत चढवलं, शिक्का मारला, की ती प्रत आपली झाली. ती शंभर विद्यार्थ्यांना आळीपाळीने देता येते, शेजारच्या ग्रंथालयाला उसनी पाठवता येते, फाटली तर बांधून घेता येते, वीस वर्षांनी निर्लेखित करून रद्दीत काढता येते. मजकुरावर हक्क लेखकाचा, प्रतीवर आपला. ई-जर्नल घेतलं की नोंदवहीत चढवायला हातात काहीच येत नाही. मजकूर प्रकाशकाच्या सर्व्हरवर राहतो आणि आपल्याला मिळते ती ठरलेल्या माणसांनी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने वाचण्याची परवानगी. बिलावर "खरेदी" छापलेलं असलं तरी व्यवहार भाड्याच्या घरासारखा आहे. भाडेकराराचं घर घेताना आपण कलमं वाचतो, पाणी कधी येतं हेही विचारतो. इथे लाखो रुपयांचा करार न वाचता सही होतो, आणि तो बहुतेक वेळा खरेदी विभागात होतो. ग्रंथपालाला कळतं ते पासवर्ड आल्यावर.

आता कायद्याकडे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. आपल्या कामाचं कलम ५२. त्यात कोणकोणत्या कृती उल्लंघन ठरत नाहीत याची लांबलचक यादी आहे. संशोधन धरून खाजगी वापरासाठी, टीका-समीक्षेसाठी केलेला न्याय्य वापर त्यात येतो. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल येते, प्रश्नपत्रिकेत दिलेला उताराही येतो. "शैक्षणिक वापराला कॉपीराइट लागत नाही" असं वाक्य मात्र त्या यादीत कुठेही नाही. सवलत कृतीला आहे, संस्थेला नाही. महाविद्यालयाच्या आवारात घडलं म्हणून सगळं माफ, असा अर्थ त्यातून निघत नाही.

प्राध्यापक मंडळी बहुधा दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणाचा हवाला देतील, आणि तो द्यायलाही हवा, कारण तो आपल्यासाठी मोलाचा निकाल आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर दावा लावला होता. वेगवेगळ्या पुस्तकांतले नेमलेले भाग एकत्र करून दुकान कोर्स पॅक विकत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दावा पुन्हा सुनावणीला पाठवला, पण सांगितलं की, अध्यापनाच्या हेतूला जेवढं आवश्यक आहे तेवढी नक्कल या सवलतीत बसते, आणि झेरॉक्स बाहेरच्या माणसाकडून काढून घेतली म्हणून सवलत जात नाही. पुढे प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही यात हस्तक्षेप केला नाही. टक्केवारीची मर्यादा न्यायालयाने घातली नाही. "१० टक्क्यांपर्यंत चालतं" हा जो नियम आपल्याकडे तोंडोतोंडी फिरतो, तो भारतीय कायद्यात नाही.

पण त्या प्रकरणात विषय होता छापील पुस्तकांतल्या भागांच्या कोर्स पॅकचा. त्या पुस्तकांच्या वापराबद्दल विद्यापीठाने प्रकाशकाला कोणतंही वचन लिहून दिलेलं नव्हतं. ई-जर्नलच्या बाबतीत आपण वचन लिहून देतो. करारात "कोर्स पॅक करता येणार नाही" असं कलम असेल आणि त्यावर प्राचार्यांची सही असेल, तर प्रकाशक कॉपीराइट कायद्याकडे बघतही नाही, करारभंगाचं पत्र पाठवतो. ब्रिटनने २०१४ साली संशोधनासारख्या काही सवलतींबाबत कायद्यातच लिहून टाकलं की, करारातल्या कलमाने ही सवलत काढून घेता येणार नाही. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. म्हणून कायद्याने दिलेलं आपल्याकडे टिकवायचं असेल, तर ते करारातच लिहून घ्यावं लागतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. तुम्ही करारात एक ओळ मागायला शिका: "भारतीय कॉपीराइट कायद्याने वापरकर्त्याला दिलेले कोणतेही हक्क या करारामुळे कमी होणार नाहीत." मोठे प्रकाशक ही ओळ बऱ्याचदा मान्य करतात. मागणारं कुणी भेटत नाही, एवढंच.

तुमच्या १४ पानांत सगळ्यात आधी "अधिकृत वापरकर्ता" या शब्दाची व्याख्या शोधा. बाकीची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. नियमित विद्यार्थी आणि पूर्णवेळ शिक्षक त्यात असतातच. तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत का? आपल्याकडे निम्मं अध्यापन त्यांच्या खांद्यावर आहे, आणि "कायमस्वरूपी कर्मचारी" असा शब्द वापरला असेल तर ते बाहेर पडतात. संशोधन केंद्रात नोंदणी केलेले, पण नोकरी दुसऱ्या गावी करणारे पीएचडीचे विद्यार्थी आहेत का? ग्रंथालयात येऊन आपल्या संगणकावर वाचणारा बाहेरचा वाचक आहे का? याला प्रकाशक "वॉक-इन युजर" म्हणतात आणि विचारलं तर बहुतेक जण परवानगी देतात. तुमच्या माजी विद्यार्थ्यांचा रस्ता हाच आहे. घरबसल्या लॉगिन त्यांना साध्या करारात मिळत नाही, त्यासाठी वेगळी किंमत पडते. ग्रंथालयात येऊन मात्र ते वाचू शकतात. कुणी सहानुभूतीपोटी आपला पासवर्ड माजी विद्यार्थ्याला देत असेल तर ते आजच थांबवा.

मग "जागा" म्हणजे काय ते बघा. तुमच्या संस्थेची वाडीत दुसरी इमारत असेल, तर एका आवाराचा करार तिला लागू होत नाही. ट्रस्ट एकच आहे, हा युक्तिवाद चालत नाही. संस्थाचालकांना ही गोष्ट पटवायला मला एकदा तीन बैठका लागल्या होत्या. घरून वाचण्याची सोय, मग ती प्रॉक्सीने (घरची जोडणी महाविद्यालयाच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सोयीने) असो की इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या इन्फेड लॉगिनने, करारात स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या आयपी पत्त्यावर, म्हणजे महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, चालणारं पॅकेज घेतलं, तर काटोलहून किंवा उमरेडहून ये-जा करणाऱ्या मुलाला संध्याकाळी घरी काही उघडत नाही.

"पद्धतशीर डाउनलोड" हे कलम प्रत्येक करारात असतं आणि खरा त्रास तिथून होतो. आमच्याकडे एकदा मार्च महिन्यात, प्रबंध सादर करायच्या ऐन दिवसांत, एका जर्नल-संचाचा अख्खा प्रवेश बंद पडला. एका संशोधक मुलाने गावी जायच्या आधी जवळ असावं म्हणून डाउनलोड मॅनेजर लावून रात्रीतून एका जर्नलचे कित्येक वर्षांचे अंक उतरवायला घेतले होते. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते दिसलं आणि त्यांनी आमचा आयपी पत्ताच बंद केला. एकाच्या चुकीने सगळं महाविद्यालय नऊ दिवस बाहेर. करार काढून बघितला तर त्यात लिहिलं होतं की, प्रकाशक पूर्वसूचना न देता सेवा थांबवू शकतो. सही आमचीच होती. त्या मुलाला दोष द्यायला माझं मन धजलं नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

पुढच्या करारात मी तीन गोष्टी लिहून घेतल्या. संशय आला तर फक्त त्या खात्याचा किंवा त्या संगणकाचा प्रवेश थांबवायचा. ग्रंथालयाला लेखी कळवून दुरुस्तीसाठी मुदत द्यायची. आणि संस्था गैरवापर "होऊ देणार नाही" या जागी संस्था गैरवापर टाळण्यासाठी "वाजवी प्रयत्न करील" असे शब्द घालायचे. तुमच्या मसुद्यातही "हमी देतो" असं लिहिलेलं असेल. हजार-दोन हजार मुलांच्या वागण्याची हमी कोणताही ग्रंथपाल देऊ शकत नाही. वाजवी प्रयत्नांचं वचन देता येतं आणि पाळताही येतं: दरवर्षी जुलैमध्ये नव्या मुलांना अर्धा तास समजावून सांगणं, वाचनकक्षात सूचना लावणं, संशोधकांकडून एका पानाच्या निवेदनावर सही घेणं.

वर्गणी बंद केल्यावर काय उरतं, हे पैसे देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. छापील जर्नल बंद केलं तरी मागचे बांधीव खंड कपाटात राहतात. ई-पॅकेजमध्ये "कायमस्वरूपी प्रवेश" लिहून घेतला नसेल, तर ज्या वर्षांचे पैसे दिले तेही अंक वर्गणी संपल्या दिवशी गायब होतात. आमच्या हातून असं घडलं आहे. पाच वर्षं पैसे भरले, सहाव्या वर्षी निधी आला नाही, आणि मागे ओळही उरली नाही. अनेक संस्थांचे लेख एकत्र करून देणाऱ्या पॅकेजमध्ये हा हक्क सहसा मिळत नाही, प्रकाशकाच्या स्वतःच्या जर्नल-संचात मागता येतो. त्याचबरोबर लॉक्स किंवा पोर्टिकोसारख्या संग्रहव्यवस्थेत ती जर्नलं जतन होतात का, हेही विचारा.

न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचं कलम शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं. लंडन, न्यूयॉर्क किंवा सिंगापूर लिहिलेलं असेल. "नागपूर" मागितलं तर परदेशी प्रकाशक सहसा मानत नाहीत. तडजोड म्हणून ते कलमच गाळायला सांगा. करार त्याबाबत गप्प राहिलेला परवडतो. विक्रेता भारतीय असेल तर मात्र नागपूरवर ठाम राहा.

अलीकडे एक नवं कलम येऊ लागलं आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेचं. परवान्याखालची पीडीएफ एआयच्या साधनात चढवायला अनेक प्रकाशक मनाई करतात. मुलं लेखाचा सारांश काढायला रोज हेच करतात. कलम फार सरसकट असेल, तर "संशोधकाच्या वैयक्तिक वापरासाठी, जिथे मजकूर साठवला किंवा पुढे दिला जात नाही" अशी सूट मागा, आणि मिळाली नाही तर निदान मुलांना मनाई आहे हे कळवा. वापराची आकडेवारी काउंटर या ई-साधनांचा वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मिळेल, हेही लिहून घ्या. पुढच्या वर्षी किंमत पाडून मागायला तेच हत्यार आहे.

मार्चच्या घाईबद्दल एक सांगायचं राहिलं. केंद्र सरकारच्या "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, असा तिचा पसारा आहे आणि समन्वय इन्फ्लिबनेट करतं. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. म्हणून अमरावती रोडवरच्या विद्यापीठाच्या आवारात जे उघडतं ते तुमच्याकडे उघडत नाही, आणि प्राचार्यांना वाटतं ग्रंथपालाचंच काही चुकतं आहे. त्यांना ही चौकट कागदावर लिहून द्या. एन-लिस्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयांना ई-साधनं देणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या योजनेत, तुमच्या महाविद्यालयाला कोणत्या अटींवर जाता येतं, ते इन्फ्लिबनेटला विचारा, आणि ते उत्तर आल्याशिवाय १४ पानांवर सही करू नका. शिवाय पॅकेजमधली किती जर्नलं मुळातच मुक्त प्रवेशाची आहेत ते मोजा. जे फुकट आहे ते यादीत घालून आकडा फुगवलेला मी पाहिला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर आता सोपं होईल. ग्रंथालयाच्या ई-जर्नलमधल्या लेखाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका, दुवा टाका. दुवा देणं जवळजवळ प्रत्येक करारात चालतं, अधिकृत विद्यार्थी लॉगिन करून उघडतो आणि वापर आकडेवारीत मोजला जातो. छापील पुस्तकातला नेमलेला धडा शिकवण्यासाठी नकलून देणं दिल्लीच्या निकालाच्या आधाराने करता येतं, पण तो निकाल झेरॉक्सचा आहे. फाइल द्यायचीच असेल तर त्या वर्गापुरती, लॉगिनच्या आत, सत्र संपल्यावर काढून टाकायची, असा शिरस्ता मी ठेवला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली फाइल संध्याकाळपर्यंत गोंदियाला पोचते, ती परत घेता येत नाही. अख्खं पाठ्यपुस्तक स्कॅन करून वाटणं तर कशातच बसत नाही. वर्गणीचे लेख परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाबद्दलही विचारलं जाईल. त्याच्याविरुद्ध तीन प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. लेख मिळत नाही म्हणून मुलं तिकडे जातात, त्यांची अडचण खरी आहे. ग्रंथालयाने मात्र तो मार्ग स्वतःहून दाखवू नये. त्याऐवजी लेखकाला मेल कसा लिहायचा, लेखकाच्या संस्थेच्या ऑनलाइन भांडारातली स्वीकृत हस्तलिखिताची (प्रकाशनाआधीची) प्रत कशी शोधायची, डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत लेख कसा मागवायचा, हे शिकवावं. लेखक बहुधा दोन दिवसांत प्रत पाठवतात.

जुन्या मराठी पुस्तकांचा तुमचा विचार मला फार आवडला. जपणूक आणि प्रसार या दोन गोष्टी मात्र कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. छापील प्रत जवळ असेल तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला ती जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठवता येते, ही सवलत २०१२ च्या दुरुस्तीत आली. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, तीनपर्यंत प्रती करता येतात. "सार्वजनिक ग्रंथालय" याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही, म्हणून फक्त आपल्याच विद्यार्थ्यांना दार उघडणाऱ्या महाविद्यालयाने जरा जपून चालावं. आणि यातलं काहीही संकेतस्थळावर ठेवण्याची परवानगी देत नाही. संकेतस्थळासाठी पुस्तकाचा कॉपीराइट संपलेला हवा.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. हक्क प्रकाशकाने विकत घेतला असला तरी मोजणी लेखकाच्या मृत्यूपासूनच. आपल्या सावनेरला १९१९ साली राम गणेश गडकरी गेले, त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन केव्हाच मुक्त झालं आहे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे २०६३ अखेर. ग्रेस २०१२ साली, म्हणजे २०७२. मूळ लेखन मुक्त झालं तरी अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ मुक्त नसतं, तेव्हा स्कॅनिंगला जुनी आवृत्तीच घ्या. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून, अनुवादाची अनुवादकाच्या मृत्यूपासून. यादी करायला बसलात की लक्षात येईल, निम्म्या लेखकांचं मृत्युवर्ष शोधणं हेच मोठं काम आहे. ते विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्या. मुलं त्यात रमतात.

तुम्ही विचारलं नाही, पण एक सवलत करारात हमखास सांभाळा. दृष्टिहीन किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सुलभ स्वरूपात प्रत करण्याची मुभा २०१२ पासून कायद्यात आहे, आणि अशा वाचकांना पुस्तकं सुलभ करणाऱ्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. प्रत विना-नफा हवी आणि ती त्याच वाचकांपुरती राहिली पाहिजे. आमच्याकडे अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी होती. ई-पुस्तक विकत घेतलेलं होतं, पण कुलूपबंद फाइल तिच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रणालीला, वाचताच येत नव्हती. शेवटी छापील पुस्तक स्कॅन करून, अक्षरओळखीतल्या चुका हाताने दुरुस्त करून दोघी सहायकांनी तिला धडे दिले. परीक्षा तोंडावर होती. त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी "स्क्रीन रीडरला चालणारी फाइल मागणीनंतर ७ दिवसांत" हे कलम घातलं, आणि कुणीही ते नाकारलं नाही.

विक्रेत्याला आज एवढाच मेल पाठवा: "कराराचा मसुदा मिळाला. अधिकृत वापरकर्त्यांची व्याख्या, सेवा थांबवण्याची पूर्वसूचना, वर्गणीनंतरचा प्रवेश, भारतीय कायद्यातल्या सवलती आणि सुलभ प्रती या पाच मुद्द्यांवर आमचे बदल जोडले आहेत. शब्द बदलता येतील अशी फाइल पाठवावी." पीडीएफ घेऊ नका, वर्डची फाइलच मागा. प्राचार्यांना या मेलची प्रत द्या, आणि ग्रंथालय समितीच्या इतिवृत्तात नोंद करून घ्या.